झऱ्यामागचा अंधार : एदुआर-आल्फ्रेद मार्तेल

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लोत नावाचा जिल्हा आहे. चुनखडीच्या कोरड्या पठारांचा हा मुलूख. तेथे बेरी नावाचा एक झरा खडकातून बाहेर पडतो. १८९१ साली पॅरिसहून आलेले एक तरुण वकील त्या झऱ्याचे पाणी प्यायले आणि आजारी पडले. पाणी दिसायला निवळशंख होते. जमिनीच्या पोटातून येणारे पाणी खडकांतून गाळून येते, म्हणून ते निर्धोक असते, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. पुढे या वकिलांनी झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका विवराचा तपास केला, तेव्हा आजाराचे मूळ उघड झाले. विवरात टाकून दिलेले मेलेले वासरू आत कुजत पडले होते आणि त्याला स्पर्शून जाणारे पाणीच खाली झरा होऊन वाहत होते.

या वकिलांचे नाव एदुआर-आल्फ्रेद मार्तेल. गुहांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. अनेक खोल विवरांच्या तळाशी पहिले पाऊल टाकणारा साहसवीर, हीच त्यांची प्रतिमा अधिक लोकप्रिय झाली. परंतु त्यांच्या आयुष्याचे खरे सूत्र त्या झऱ्याच्या पाण्यात सापडते. वर पडलेला पाऊस कोठे नाहीसा होतो, अंधारात तो कोणत्या वाटेने जातो आणि पुन्हा उजेडात येताना आपल्याबरोबर काय घेऊन येतो, या प्रश्नाचा त्यांनी जवळजवळ अर्धशतक पाठपुरावा केला.

मार्तेल यांचा जन्म १ जुलै १८५९ रोजी पॅरिसजवळील पाँत्वाझ येथे, कायद्याच्या व्यवसायात मुरलेल्या कुटुंबात झाला. १८६६ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, आईवडिलांबरोबर पिरेनीज पर्वताच्या सहलीला गेले असताना त्यांनी गार्गासची गुहा पाहिली. शाळेत भूगोल हा त्यांचा आवडता विषय होता आणि १८७७ मध्ये देशपातळीवरील शालेय स्पर्धेत त्यांनी भूगोलाचे पहिले पारितोषिक पटकावले. ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्यांचे ते वेडे वाचक होते. १८७९ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियातील आडेल्सबर्गची, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातील पोस्तोयनाची, विख्यात गुहा त्यांच्या पाहण्यात आली. मात्र घराण्याची रीत मोडणे त्यांना शक्य झाले नाही. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात ते वकिली करू लागले. वर्षाचे बहुतेक महिने व्यापाऱ्यांच्या तंट्यांत जात. उन्हाळ्याची सुट्टी तेवढी त्यांची स्वतःची होती.

ती सुट्टी १८८३ पासून त्यांना दक्षिण फ्रान्समधील ‘ग्राँ कोस’ या पठारांकडे ओढून नेऊ लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीची ही पठारे तार्न, जाँत आणि दुर्बी या नद्यांनी खोल चिरली आहेत. नद्यांच्या दऱ्यांत हिरवाई आणि गावे, तर वर पठारावर दगड, खुरटे गवत आणि मेंढ्यांचे कळप. पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण पठारावर ओढा दिसत नाही. मेंढ्यांना पाणी मिळावे म्हणून तेथील धनगर जमिनीत दगड बसवून उथळ तळी बांधत. दऱ्यांच्या पायथ्याशी मात्र भरभरून वाहणारे झरे होते. पठारावर जागोजागी काळोखी विवरे ‘आ’ वासून उभी होती. तेथील लोक त्यांना ‘आवेन’ म्हणत. मेलेली जनावरे टाकायला त्यांचा उपयोग होई आणि त्यांच्या तळाशी भुतेखेते राहतात, असा समज होता. वरचे पाणी आणि खालचे झरे यांच्यामध्ये काय आहे, हे कोणीच आत उतरून पाहिले नव्हते.

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी चुनखडीचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. दख्खनच्या मराठी माणसाला गुहा म्हटले की वेरूळ-अजिंठ्याची किंवा गोव्यातील हरवळ्याची लेणी आठवतात. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. बेसॉल्ट किंवा जांभा पाण्यात विरघळून अशी दालने तयार होत नाहीत. चुनखडीचे तसे नाही. कोस पठारांची चुनखडी ज्युरासिक काळातील समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळापासून आणि जीवांच्या कवचांपासून बनली आहे. तिचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पाण्यात तो अत्यल्प विरघळतो. परंतु पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मातीतून, कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मुळांच्या श्वसनामुळे आणि कुजणाऱ्या पाल्यामुळे मातीत हा वायू विपुल असतो. त्यातून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि हे आम्लयुक्त पाणी खडकाच्या भेगांत शिरले की भेगेच्या भिंती कणाकणाने विरघळवू लागते.

पहिल्या हजारो वर्षांत डोळ्यांना काहीच दिसत नाही, कारण केसाएवढ्या भेगेतून पाणी जेमतेम झिरपत असते. पण भेग रुंदावली की तिच्यातून अधिक पाणी जाते, आणि अधिक पाणी गेले की ती आणखी वेगाने रुंदावते. त्यामुळे अनेक भेगांपैकी काही थोड्या भेगा इतरांचे पाणी ओढून घेतात आणि कालांतराने त्यांच्या वाहिन्या होतात, वाहिन्यांची भुयारे होतात. दगडगोटे घेऊन धावणारा प्रवाह मग घासून-झिजवून ती मोठी करतो. कोठे वरचे छत ढासळते आणि पठारावर विवर उघडते. बाहेरची नदी आपली दरी खोल करत जाते, तसे आतले पाणीही खालची वाट धरते आणि वरची जुनी भुयारे कोरडी पडतात. भारतातही चुनखडीच्या प्रदेशात हे घडलेले आहे. हैदराबादच्या दक्षिणेकडील बेलमच्या गुहा, विशाखापट्टणमजवळील बोरा गुहा आणि मेघालयातील लांबच लांब भुयारे ही त्याची उदाहरणे. बेलमच्या गुहांची नोंद भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये केली होती, म्हणजे मार्तेल कोस पठारांवर भटकू लागले त्याच सुमारास.

१८८८ चा जून महिना मार्तेल यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. एग्वाल पर्वताच्या पायथ्याशी ‘बोनर’ नावाचा ओढा आहे. नावाचा अर्थ सुख. हा ओढा कांप्रिए गावाजवळ चुनखडीत गडप होतो आणि काही अंतरावर एका उंच कड्याच्या चिरेतून गर्जना करत बाहेर कोसळतो. त्या आवाजावरून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला लोकांनी ब्रामाब्यो, म्हणजे हंबरणारा बैल, असे नाव दिले होते. दोन्ही प्रवाह एकच असावेत, अशी अटकळ सर्वांची होती. मार्तेल यांनी ती आपल्या पायांनी सिद्ध केली. २८ जून रोजी ते मोजक्या साथीदारांसह ओढा गडप होतो त्या मुखातून आत शिरले आणि धबधबे, डोह व अरुंद चिरा पार करत कड्याच्या बाजूने बाहेर आले. भुयारी नदीचा तिच्या आरंभापासून अखेरपर्यंत पाठलाग करता येतो, हे या दिवशी त्यांच्या ध्यानात आले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी दार्गिलांची गुहाही तपासली. कोल्ह्याचा पाठलाग करणाऱ्या एका धनगराला ती आठ वर्षांपूर्वी अकस्मात सापडली होती.

यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात मोहीम निघू लागली. साधने पाहिली तर आज छाती दडपते. लाकडी पायऱ्यांची दोराची शिडी, लांबलचक जाड दोर, बसण्यासाठी दोराला आडवी बांधलेली काठी, मेणबत्त्या, क्षणभर लख्ख उजेड देणारी मॅग्नेशियमची फीत, शिट्टी आणि भरपूर खिसे असलेले जाडेभरडे कपडे. त्यांत मार्तेल यांनी दोन नव्या वस्तूंची भर घातली. एक म्हणजे घडी घालून नेता येणारी कापडी होडी आणि दुसरी म्हणजे तारेचा टेलिफोन. शंभर मीटर खोलीवरून मारलेली हाक वर येईपर्यंत नुसता घुमणारा नाद होऊन जाते आणि दोर धरणाऱ्यांना सोडायचे की ओढायचे, हे कळत नाही. टेलिफोनमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. ल रोझिए गावचे लोहार लुई आर्माँ हे त्यांचे उजवे हात होते. हाडापेराने दणकट, डोक्याने शांत आणि कोणत्याही विवरात पहिल्यांदा उतरायला तयार, असा हा माणूस होता. मार्तेल यांच्या कीर्तीत त्याचा वाटा मोठा आहे आणि मार्तेल यांनी तो कधी लपवला नाही.

९ जुलै १८८९ रोजी हे पथक लोत जिल्ह्यातील पादिराकच्या विवरापाशी पोहोचले. सुमारे ३५ मीटर रुंद आणि ७५ मीटर खोल असा हा प्रचंड खड्डा. सैतानाने संत मार्तां यांची वाट अडवण्यासाठी टाच आपटली आणि तेथे हा खड्डा पडला, पण संतांच्या खेचराने तो एका उडीत ओलांडला, अशी त्या भागात आख्यायिका होती. मार्तेल, त्यांचे आप्त गाब्रिएल गोपिया, आर्माँ आणि एमिल फुल्किए शिडीने खाली उतरले. तळाच्या एका बाजूने आणखी खाली जाणारी वाट मिळाली आणि तिच्या शेवटी, पृष्ठभागापासून शंभरएक मीटर खाली, शांत वाहणारी नदी होती. दुसऱ्या दिवशी कापडी होडी खाली नेण्यात आली. मेणबत्तीच्या उजेडात मार्तेल आणि गोपिया त्या काळ्या पाण्यावरून पुढे सरकले. वाटेत एकामागून एक दगडी बंधारे लागत. प्रत्येक ठिकाणी उतरून होडी पलीकडे न्यावी लागे. हे बंधारे माणसाने घातलेले नव्हते. उंचवट्यावरून पाणी पातळ पापुद्र्यासारखे वाहते तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना तेथेच बसतो. अशा रीतीने वाहते पाणी स्वतःच्या वाटेत स्वतःच बांध घालत जाते. पुढे एका डोहावर छतापासून लोंबणारा सुमारे ६० मीटर उंचीचा प्रचंड लवणस्तंभ पाण्याला टेकू पाहत होता.

ज्या पाण्याने खडक विरघळवून ही पोकळी केली, तेच पाणी ती पोकळी पुन्हा दगडाने भरून काढत होते. कोणत्याही चुनखडीच्या गुहेतील हा सर्वांत विलक्षण व्यापार आहे. त्याचे सर्वांत भव्य रूप मार्तेल यांना आठ वर्षांनी पाहायला मिळाले. सप्टेंबर १८९७ मध्ये मेजाँ पठारावर आर्माँ यांच्या नजरेस एक विवर पडले. १९ सप्टेंबर रोजी मार्तेल आणि गुहाजीवांचे अभ्यासक आर्माँ वीरे यांना वर ठेवून लुई आर्माँ एकटेच आत उतरले. ७५ मीटर खाली शिडी एका अफाट दालनात लोंबकळत होती. तळाशी मेणबत्ती उंच धरली तेव्हा त्यांना दगडाचे अरण्य दिसले. सुमारे ४०० ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ त्या उतारावर उभे आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच ३० मीटरांचा आहे. दुसऱ्या दिवशी मार्तेल आणि वीरेही उतरले. या विवराला मार्तेल यांनी स्वतःचे नाव न देता लोहाराचे नाव दिले. आजही ते आवेन आर्माँ म्हणूनच ओळखले जाते.

हे अरण्य कसे उगवले असेल? वरच्या मातीतून आलेले पाणी चुना विरघळवून घेऊन छताच्या भेगेतून थेंबाच्या रूपाने डोकावते. गुहेतील हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे थेंबातला वायू बाहेर पडतो आणि जास्तीचा चुना पाण्यात राहू शकत नाही. थेंब गळून पडण्यापूर्वी त्याच्या कडेला कॅल्साइटची एक नाजूक कडी उरते. कडीखाली कडी जमत जाऊन आधी पोकळ नळी आणि नंतर जाड अधोमुखी लवणस्तंभ तयार होतो. खाली पडलेल्या थेंबात उरलेला चुना जमिनीवर साचतो आणि तेथून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वर चढू लागतो. दोन्ही भेटले की खांब होतो. तिरक्या छतावरून पाणी ओघळले तर दगडाचा पडदा तयार होतो. आवेन आर्माँमध्ये छत फार उंच आहे. तेथून पडणारा थेंब आपटून फुटतो, त्याचे तुषार कडेला उडतात आणि म्हणून तेथील स्तंभ ताटल्यांची उतरंड रचावी तसे, कडा उलगडलेल्या पानांसारखे दिसतात. ही वाढ इतकी सावकाश चालते की एका शतकात सहसा सेंटीमीटरभरही होत नाही. एखाद्या पर्यटकाने आठवण म्हणून मोडून नेलेला बोटभर तुकडा कित्येक पिढ्यांच्या कालावधीत साकारलेला असतो.

परंतु थेंब मातीतून खाली येताना चुना घेऊन येतो, त्याच वाटेने आणखी काय काय येऊ शकते, हे मार्तेल बेरीच्या झऱ्यापाशी स्वतःच्या देहावर शिकले होते. वाळूच्या थरातून झिरपणारे पाणी कणाकणांमधून सावकाश जाते आणि बऱ्याच अंशी गाळले जाते. चुनखडीत मात्र त्याला उघड्या वाहिन्या मिळतात. पठारावरच्या विवरात पडलेले पाणी अल्पावधीत काही किलोमीटर दूरच्या झऱ्यातून जसेच्या तसे बाहेर पडू शकते. त्याच्या मार्गात ना वाळू असते, ना वेळ. झऱ्याचा नितळपणा एवढेच सांगतो की गाळ मागे राहिला आहे. रोगजंतू मागे राहिले की नाही, ते तो सांगत नाही. आणि गावोगावी तर हीच विवरे मेलेली जनावरे टाकण्याची जागा होती. पठारावरचा शेतकरी आजाराने मेलेली मेंढी विवरात लोटून निश्चिंत होत असे आणि दरीतले गाव तिच्यावरून आलेले पाणी पीत असे. दोघांनाही याची कल्पना नव्हती.

मार्तेल यांनी हा विषय लावून धरला. १८९४ मध्ये त्यांच्या पहिल्या मोहिमांचा वृत्तान्त असलेला ‘ले-झाबीम’ हा भरगच्च ग्रंथ निघाला. १८९५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये गुहाशास्त्राची संस्था स्थापन केली आणि तिचे ‘स्पेलुंका’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी ते आयर्लंड आणि इंग्लंडला गेले. १ ऑगस्ट रोजी यॉर्कशरमधील गेपिंग गिल या विवरात, सोबत कोसळणाऱ्या धबधब्याचा मारा सोसत, ते दोराच्या शिडीने सुमारे शंभर मीटर खाली उतरले. यापूर्वी त्याच्या तळाशी कोणी पोहोचले नव्हते. पुढच्या वर्षी मायोर्का बेटावरील द्राकच्या गुहांत त्यांना जे भूमिगत सरोवर सापडले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या सगळ्या प्रवासांत नकाशे, पाण्याचे तापमान, प्रवाहाची दिशा यांच्या नोंदी चालूच असत. पाण्यात रंग टाकून तो कोणत्या झऱ्यातून बाहेर येतो हे पाहण्याच्या पद्धतीचाही त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. फ्लोरेसिन हा रंग अतिशय विरल झाला तरी हिरवट झाक देतो आणि मनुष्याला जाता येणार नाही अशा चिरांतूनही पाण्याचा माग लावतो.

१८९९ मध्ये मार्तेल यांनी वकिली सोडली. आता सर्व वेळ भूमिगत पाण्यासाठी होता, मात्र न्यायालयात मिळवलेले कसब वाया गेले नाही. पुरावा कसा मांडावा आणि अधिकाऱ्यांना कसे पटवावे, हे त्यांना ठाऊक होते. १५ फेब्रुवारी १९०२ रोजी फ्रान्समध्ये सार्वजनिक आरोग्याच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. मेलेली जनावरे आणि कुजणारे पदार्थ विवरांत वा खडकातील भेगांत टाकण्यास या कायद्याने बंदी घातली आणि तसे करणाऱ्यास शिक्षा ठरवली. गावाला पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांभोवती संरक्षित क्षेत्र आखण्याची तरतूदही त्यात होती. विवरांविषयीच्या या तरतुदीमागे मार्तेल यांचा पाठपुरावा होता, म्हणून फ्रान्समध्ये ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांनी पादार्पण केलेल्या गुहा पाहायला आज लाखो लोक जातात, परंतु या तरतुदीने किती घरांतील आजार टळले, याची मोजदाद कोणी करू शकत नाही.

कायदा होण्याच्या आदल्या वर्षीच निसर्गाने आणि अपघाताने मिळून मार्तेल यांच्या बाजूने साक्ष दिली होती. ऑगस्ट १९०१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेजवळील पाँतार्लिए येथे आबसँत या मद्याच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट टाळण्यासाठी पिंपांतील मद्य सोडून देण्यात आले आणि ते दू नदीत वाहून गेले. त्यानंतर काही किलोमीटर दूर, वेगळ्याच दरीत उगम पावणाऱ्या लू नदीच्या पाण्याला आबसँतचा वास येऊ लागला. लूचा ‘उगम’ म्हणजे दू नदीच्या पात्रातून चुनखडीत शिरलेले पाणी होते. ही गोष्ट सामान्य माणसालाही एका दिवसात समजली. मद्याच्या जागी दुसरे काही असते तर काय झाले असते, हेही.

मार्तेल यांचे सगळेच म्हणणे काळाच्या कसोटीवर टिकले असे नाही. भूमिगत नद्यांमागे फिरत आयुष्य काढल्यामुळे चुनखडीत केवळ स्वतंत्र प्रवाह असतात, सलग भूजल नसतेच, असे ते आग्रहाने मांडत. ऑस्ट्रियाचे आल्फ्रेड ग्रुंड यांनी १९०३ मध्ये याच्या उलट सिद्धान्त मांडला आणि दोन्ही पक्षांत कडाक्याचा वाद झाला. आजच्या अभ्यासानुसार सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. खोलवर खडकाच्या सर्व पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि कित्येक गुहांचा जन्म अशा पूर्ण भरलेल्या अवस्थेतच झालेला असतो. त्याच वेळी त्यांतून नद्यांसारख्या वाहिन्याही धावतात. विरघळण्याच्या क्रियेपेक्षा प्रवाहाच्या घर्षणाला मार्तेल यांनी अधिक महत्त्व दिले, हेही पुढे दुरुस्त करावे लागले. या बाबतीत सर्बियाचे भूगोलज्ञ योवान च्विइच यांचा १८९३ चा ग्रंथ अधिक मूलगामी ठरला. परंतु च्विइच किंवा ग्रुंड यांना ज्या प्रदेशाचा विचार पृष्ठभागावरून करावा लागे, त्याच्या पोटात प्रत्यक्ष उतरून मोजमापे घेता येतात, हे मार्तेल यांनी दाखवून दिले. चुकीच्या सिद्धान्तासाठी गोळा केलेल्या त्यांच्या नोंदी बरोबर सिद्धान्तालाही उपयोगी पडल्या.

त्यांच्या कामाची आणखी एक बाजू दुहेरी आहे. आपण पाहिलेले वैभव लोकांनीही पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्याच पुढाकाराने १८९८-९९ मध्ये पादिराक सर्वांसाठी खुले झाले, तर आवेन आर्माँ १९२७ मध्ये. उजाड पठारांना त्यातून रोजगार मिळाला. पण दिव्यांच्या उजेडात लवणस्तंभांवर शेवाळ धरते, माणसांच्या श्वासाने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि तापमान बदलते, स्पर्शाने कॅल्साइटवर तेलकट थर बसतो आणि तेथे थेंब पूर्वीसारखा बसत नाही. गुहा दाखवायच्या आणि जपायच्याही, हा पेच मार्तेल यांच्या वारसांना आजही सोडवावा लागतो.

१९०५ मध्ये शासनाच्या पाणी-पाहणीच्या कामगिरीवर असताना त्यांनी लुई आर्माँ आणि इतर साथीदारांसह प्रोव्हाँसमधील व्हेर्दाँ नदीची घळ पार केली. शेकडो मीटर उंच कड्यांमधला तो मार्ग तोवर कोणी पूर्ण तपासला नव्हता. आज तेथील पायवाट मार्तेल यांच्या नावाने ओळखली जाते. कॉकेशसपासून अमेरिकेतील मॅमथ गुहेपर्यंत त्यांचा प्रवास झाला. १९२१ मध्ये भूमिगत पाण्यावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यभराच्या नोंदींचे सार आहे. उतारवयात त्यांनी नव्या पिढीला हात दिला. पिरेनीजमध्ये गुहा धुंडाळणारे नॉर्बेर कास्तेरे हे त्यांतले सर्वांत तेजस्वी नाव. १९३३ मध्ये कास्तेरे यांना ३०३ मीटर खोलीचे, त्या वेळी फ्रान्समधील सर्वांत खोल ठरलेले विवर सापडले, तेव्हा त्यांनी त्याला मार्तेल यांचे नाव दिले. एकेकाळी मार्तेल यांनी एका विवराला लोहाराचे नाव देऊन जो मान दिला होता, तो असा त्यांच्याकडे परत आला.

३ जून १९३८ रोजी सँ-तोमा-ला-गार्द या खेड्यात मार्तेल यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. पत्नी आलीन या भूशास्त्रज्ञ लुई द लोने यांच्या भगिनी होत्या.

मार्तेल गेले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुनखडीच्या प्रत्येक प्रदेशात तसाच उभा आहे. शेताच्या कडेला असलेले विवर कचरा टाकायला सोयीचे वाटते, कारण टाकलेली वस्तू डोळ्यांआड होते. पाण्याला मात्र ती दिसत राहते. शतकानुशतके जपून एकेक थेंब ठेवत लवणस्तंभ उभारणारी वाट आणि विष एका दिवसात झऱ्यापर्यंत पोहोचवणारी वाट, या दोन्ही एकाच खडकातल्या, एकमेकींना लागून असलेल्या भेगा आहेत. झऱ्यावर ओंजळ भरण्यापूर्वी त्याच्या वरच्या अंगाला काय आहे, ते पाहून यावे, ही साधी सवय मार्तेल यांनी आजारपणाची किंमत देऊन लावून घेतली आणि मग एका देशाला कायद्याने लावली.